कुंदनभाऊंची कापाकापी

आमच्या घरचा फोन वाजला की पलीकडून हमखास येणारं वाक्य ठरलेलं.

"कुंदनभाऊ हायेत का? लग्नाचं शूटिंग बुक करायचं व्हतं."

"बोलतेय," आत्या म्हणायची.

"नाय वहिनी, भाऊंना द्या ना."

"भाऊच बोलतेय."

मग पलीकडे कुजबुज सुरू व्हायची. रिसीव्हरवर हात ठेवला की आपला आवाज जात नाही, अशी सगळ्या जिल्ह्याची ठाम समजूत आहे. "आरं, बाई हाय!" "बायको आसंल त्याची." "नाय रं, तोच बाई हाय!" शेवटी घसा खाकरून, अगदी अदबीनं प्रश्न यायचा, "मंग मॅडम, ते जड जड कोन उचलतं?"

कुंदन सावळीराम पगारे, जन्म नाशिकरोडचा, १९७१ सालचा. आजोबा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की पेपर नाही, नोटांचा छापखाना. मुलाचं नाव त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं आणि झाली आत्या. आजी, म्हणजे भागुबाई, अजून सांगते, "तुजा आज्या सरकारी मानूस. एकदा ठरलं ते रद्द करायचं तर सायबाची सही लागायची. सायेब रजेवर व्हता. ऱ्हायलं कुंदन."

आत्या बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात दोनदा नापास झाली आणि १९९२ साली देवळाली कॅम्पात चंदरशेठच्या फोटो स्टुडिओत काउंटरवर बसली. काम काय, तर पासपोर्ट फोटो चौकोनी कापायचे आणि गिऱ्हाइकाला "चांगला आलाय" असं खोटं सांगायचं. पण कॅम्पात फौजी घरं बरीच, मुसलमान घरंही बरीच, आणि लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष शूटिंगवाल्याला कोणी पाऊल टाकू देईना. एका मेहंदीतून चंदरशेठचा माणूस हाकलला गेला, तेव्हा शेठनं काउंटरकडे पाहिलं.

"ए कुंदन, इधर आ. यह उठा के दिखा."

खांद्यावर ठेवायचा तो व्हीएचएस कॅमेरा म्हणजे सहा महिन्यांचं गुटगुटीत बाळ. आत्यानं उचलला.

"अरे वा! अब सुन. लाल बटन दाबायचा, दुल्हन को देखना, बस. दुसरीकडे कुठं बघायचा नाय. समझी?"

समजलं सगळं. केलं मात्र उलटं. आत्याचा कॅमेरा नवरीवरून सुरू व्हायचा आणि घसरत घसरत मांडवामागे जायचा. तिथे भांडी घासणारी बाई आपल्या पोराला मांडीवर घेऊन पातेलं घासतेय. नवरीची आई कोठीच्या खोलीत एकटीच बसून सकाळपासूनचा पहिला घास खातेय. गिऱ्हाइकं कॅसेट घेऊन तणतणत परत यायची. "शेठ, जावयाचा हार घालतानाचा शॉट नाही, आणि ही भांडीवाली चार मिनिटं! लग्न तिचं होतं का?"

"कुंदन!" शेठ ओरडायचे. "बर्तनवाली काट! उधर फूल डाल! हंस डाल!" आणि भांडीवालीच्या जागी एक कमळ उमलायचं, त्यातून नवरा-नवरी बाहेर यायचे आणि दोन हंस मान वाकडी करून त्यांच्याकडे बघायचे.

खेड्यातल्या लग्नांतही आत्याला बोलावणं यायला लागलं. 'लेडीज शूटिंगवाली' म्हणून घरातल्या बायका तिलाच मागायच्या. तिथे पहिला प्रश्न, "आडनाव काय म्हणालात?" पगारे म्हटलं की बाकीच्यांना पाणी स्टीलच्या तांब्यातून यायचं, आत्याला प्लास्टिकच्या पेल्यातून.  आत्या तो पेला हातात धरून त्याचा झकास क्लोजअप घ्यायची, मागे तांब्या फोकसमध्ये. तो शॉटही नंतर गिऱ्हाईक काढायला लावायचं.

तर अशी ती 'काढून टाका'ची यादी वाढत गेली. लोक कॅसेट बघून कागदावर लिहूनच आणायचे. "मामा मांडवात घोरताना आलेत, काढून टाका." "सासूबाई स्कूटरची चावी मागतायत, तिथं सनई टाका." "नवरी फारच रडतेय, थोडी कमी करा." आत्या हे सगळं मुकाट्यानं काढायची. फक्त काढायच्या आधी दुसऱ्या कॅसेटवर उतरवून ठेवायची आणि वर स्केच पेननं लिहायची, 'का. टा. १', 'का. टा. २'. आजी ती अक्षरं जोडून 'काटा' असं वाचायची आणि पाहुण्यांना सांगायची, "कुंदीनं काट्याचा धंदा काढलाय." आत्याच्या लग्नासाठी म्हणून आजोबांनी लोखंडी कपाट घेतलं होतं. त्यात शालूंच्या जागी एक्केचाळीस काटे जाऊन बसले. लग्नाचं विचारलं तर आत्या म्हणायची, "सहाशे लग्नं बघितली आई. आता एखादं काढून टाकलं तर काय बिघडतं?"

१९९८ साली नाशिकला बायकांच्या एका संघटनेचं शिबिर झालं आणि शूटिंगला आत्याला बोलावलं. तिथे पुण्याच्या छायाताई भेटल्या. छायाताई साधं 'जागा' म्हणत नाहीत, 'अवकाश' म्हणतात. चहा सांडला तर तो 'हस्तक्षेप'. त्यांनी आत्याचे काटे बघितले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कुंदन, तुझ्या कॅमेऱ्याला स्त्रीवादी नजर आहे."

"नजर कसली ताई, उजव्या डोळ्यानं कमी दिसतं. म्हणून तो इकडे तिकडे जातो."

"तू डॉक्युमेंटरी करायला हवीस."

आत्याला तो शब्द माहीत होता, आजीला नव्हता. आजीनं सगळ्या कॉलनीत जाहीर केलं, "आमची कुंदी आता डाकूंचा पिक्चर काढनार."

पहिला पिक्चर डाकूंचा निघाला नाही, भांडीवाल्यांचा निघाला. दुसरा मनमाडचा, नळाची वाट बघत जन्म काढणाऱ्या बायकांचा. तो मनमाडलाच दाखवला तेव्हा अर्धा हॉल मध्येच उठून गेला. आत्याला वाटलं, पडला. नंतर कळलं की बाहेर कोणीतरी "पाणी आलं!" असं ओरडलं होतं. लग्नसराईत लग्नं, बाकीच्या दिवसांत हे, असं तिचं चाललं होतं. पहिल्यानं घर चालायचं आणि दुसऱ्यानं आत्या.

मग २००३ सालचा जानेवारी उजाडला. एके सकाळी दारात पिशवीभर वांगी घेऊन एक बाई उभी. तिशीच्या आतली, पण उन्हानं दहा वर्षं जास्तीची दिलेली.

"पगारे म्याडमचं घर हेच ना? वळखलं का? माझ्या लग्नात तुम्ही लाइट मारून मारून माझ्या डोळ्यांत पानी आनलं व्हतं, आन सगळे म्हनले, बघा पोरगी कशी रडती."

आत्यानं लगेच ओळखलं. नावं विसरते ती, पण डोळे नाही.

बाईनं वांगी ठेवली आणि आजीच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. गाव गिरणाऱ्याच्या पुढचं, भाजीपाल्याचं. गावाचं नाव मी लिहीत नाही, आधीच तिथले लोक आमच्यावर खार खाऊन आहेत.

"माहेरचं माझं नाव नवसा. बानं पोराचा नवस केला व्हता, झाले मी. नवस फेडला मातर माझ्याच नावानं."

"म्हंजी तू आन ही कुंदी," आजी म्हणाली, "दोघी येकाच चुकीच्या."

"शहाण्णवला लगीन झालं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव काढलं, सुवर्णा. त्या तांदळाची दुसऱ्या दिशी खिचडी झाली. सगळ्यांनी खाल्ली. नाव तेवढं माझ्या बोडख्यावर ऱ्हायलं. तीन वर्सांनी त्यानं दुसरी आनली. मी माघारी आले, बाच्या शेतात मेथी-कोथिंबीर करू लागले. आता दिवाळीत बा गेला."

वडील म्हाळूबा गेल्यावर वारस लावायचे होते. धाकटा भाऊ सहादू तलाठ्याकडे गेला आणि एकट्याचंच नाव देऊन आला. तलाठ्याला सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं. भाऊसाहेबांनी जुन्या कागदात बघून विचारलं, "म्हाळूला नवसा नावाची मुलगी होती ना? तिचं काय?"

सहादूनं खाली बघत सांगितलं, "नवसा? ती गेली."

"गेली?"

"गेली म्हंजी गेली."

भाऊसाहेबांनी चुकचुक केलं आणि नवसापुढे 'मयत' असं लिहिलं.

"सासरी गेली व्हते हो मी!" नवसाबाई म्हणाली. "सासरी जानं आन मसनात जानं यात काय फरकच नाय का?"

आजी काहीतरी म्हणणार होती, पण आत्यानं तिच्याकडे बघितलं.

नवसाबाई भाऊसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली, मी जिवंत आहे म्हणाली. ते म्हणाले, तुम्ही जिवंत आहात ते दिसतंय, पण तुम्ही सुवर्णा आहात. रेशनकार्ड सुवर्णा, मतदार यादी सुवर्णा, आडनाव नवऱ्याचं. शाळेत ती कधी गेलीच नव्हती, म्हणून दाखला नाही. नवसा आणि सुवर्णा एकच, याचा पुरावा आणा. चावडीवर नोटीस लागलीय, हरकत घ्यायला पंधरा दिवस. त्यातले पाच संपले होते. दहा दिवसांत पुरावा आला नाही तर नवसा सरकारी कागदावर कायमची मेली असती आणि सुवर्णा सहादूच्या शेतात पाहुणी म्हणून मेथी खुडत राहिली असती.

"घरची लग्नाची क्यासेट व्हती," ती म्हणाली, "तिच्यावर सहादूनं किरकेटची म्याच भरली. लगीन लागतंय, आन मधीच एक जन औट. म्हनून आले. तुमच्याकडं काय ऱ्हायलं आसंल तर."

आत्यानं आधी तिचं म्हणणं रेकॉर्ड करायचं ठरवलं. कॅमेरा लावला, माइक लावला. आणि दहा वर्षं नवरा-नवरीसमोर उभं राहून जी सवय लागली होती तिनं दगा दिला. 'नाव सांगा' म्हणायच्या जागी आत्या म्हणून गेली, "हं, नाव घ्या."

नवसाबाईनं पदर सावरला, मान खाली घातली आणि चावी दिल्यासारखी सुरू झाली, "मेथीच्या जुडीला केळीचं सोपट, दत्तूरावांचं नाव घेते..."

तिथे ती थांबली. वर बघितलं. चेहरा असा, की चालता चालता शेणात पाय पडलाय.

"चुलीत घाला त्याचं नाव!" ती ओरडली. "माझं इचारलं व्हतं ना तुम्ही? बघा म्याडम, सात वर्सं झाली, त्याला सोडून चार झाली, तरी तोंड उघडलं का त्योच भाईर येतो!"

आणि ती इतकी हसली की माइकची सुई लाल रंगात जाऊन अडकली. आत्यानं कॅमेरा बंद केला नाही.

नंतर दोन दिवस आमच्या घरात एक्केचाळीस काटे उलगडले. काही कॅसेटींवर बुरशी आली होती, ती कापसानं पुसायची, लावायची, पुढे ढकलायची. आजी तर जेवायला उठेना. "आगं थांब, थांब, ही कोन रडती? हिच्या गळ्यात खोटं मंगळसूत्र हाय, बघ बघ, काळं पडलंय!" दुसऱ्या दिवशी दुपारी का. टा. ७ मध्ये नवसाबाई सापडली.

प्रसंग कानपिळीचा. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ असा दम द्यायचा आणि पोशाख घ्यायचा, असा तो गमतीचा विधी. पडद्यावर सतरा वर्षांचा सहादू, मिसरूड नुकतं फुटलेलं, अंगात दुसऱ्याचा सफारी. त्यानं दत्तूचा कान धरला तो गंमत म्हणून धरलाय असं दत्तूच्या तोंडावरून वाटत नव्हतं. शेजारी मुंडावळ्या बांधलेली नवसाबाई. आणि सहादू खणखणीत आवाजात सांगतोय:

"दाजी, ही आमची नवसाताई! नीट नांदवायची! नाय नांदवली ना, तर ह्यो कान घरी नेऊन खुंटीला टांगीन!"

सगळा मांडव हसतोय. नवरी खो खो हसतेय. दत्तूचा कान टोमॅटो. पाव्हणे रागावले, म्हणून आठ दिवसांनी सहादू स्वतः स्टुडिओत आला होता आणि म्हणाला होता, "कानपिळीचं तेवढं काढून टाका."

नवसाबाईनं तो तुकडा पाच वेळा बघितला. सहाव्यांदा म्हणाली, "चांगला व्हता हो तव्हा." आणि नाक पुसलं.

आत्या टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेट घेऊन रिक्षानं चावडीवर गेली. भाऊसाहेबांनी बघितलं, हसले, दुसऱ्यांदा लावायला सांगितलं, पुन्हा हसले, आणि मग चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, बघून मला पटलं. पण मी हे फायलीला कुठं लावू? कागद आणा. नाहीतर जिवंत माणसं आणा, जबाब देतील अशी. नवसा ती हीच म्हणून."

जिवंत माणसं गावात भरपूर होती. पण गावातल्या अर्ध्या भाजीला पाणी म्हाळूबाच्या विहिरीवरून जायचं आणि मोटारीचं बटण आता सहादूच्या हातात होतं. ज्याला विचारावं तो आभाळाकडे बघायचा. "नवसा... नवसा... आता वय झालं म्याडम, आठवत नाय." हे म्हणणारा माणूस पस्तिशीचा.

तिसऱ्या दिवशी सहादू मोटारसायकलवरून आमच्या घरी. मिसरुडाच्या मिशा झाल्या होत्या.

"ती क्यासेट माझी हाय. शूटिंग मी लावलं व्हतं."

"आणि लग्न कोणाचं लावलं होतंस?" आत्यानं विचारलं.

"नवसाचं," तो म्हणाला, आणि पटकन जीभ चावली. "म्हंजी, तिचं."

"आयकलं गं मी," स्वयंपाकघरातून आजी.

सहादूचा आवाज एकदम खाली आला. ओरडत होता तेव्हा कोणी घाबरलं नव्हतं, आता जरा भीती वाटली. "म्याडम, लोक तुम्हाला घरात घेत्यात. बायकांच्या खोलीत घेत्यात. तुम्ही लोकांचं झाकलेलं घरी नेऊन ठेवता, हे येकदा कळलं ना, तर ना आमच्या गावात, ना शेजारच्या, कोनी दारात उभं करनार नाय. इचार करा."

तो गेला आणि आत्यानं बुकिंगची डायरी उघडली. त्यानं सांगितलं ते खरंच होतं. कोणाला न विचारता ठेवलेल्या त्या कॅसेटी. एप्रिल-मेच्या अकरा लग्नांची बुकिंगं डायरीत होती, आणि लग्नं गेली की पिक्चरही गेले. मला वाटलं, आत्या आता मोठं भाषण करणार, छायाताईंच्या शब्दांत, अवकाश वगैरे. ती एवढंच म्हणाली, "तो बरोबर बोलला. विचारायला हवं होतं." आणि उठून चपला घातल्या.

विचारायला म्हणून ती गेली ती त्या गावच्या बचत गटाच्या मीटिंगला. मीही गेले, शाळेला सुट्टी होती. गटाच्या अध्यक्ष सरुबाई, साठीच्या, आवाज असा की लाउडस्पीकर लागू नये. त्यांच्या पडवीत टीव्ही लावला. अकरा बायका, दुपारची वेळ, पुरुष मळ्यात. आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या गावातल्या चार लग्नांतलं जे काढून टाकायला सांगितलं होतं ते मी ठेवलंय. तुम्हाला न विचारता ठेवलं, ते चुकलं. ज्या बाईचा तुकडा, तिनं 'पुस' म्हटलं तर इथंच पुसते. नवसाबाईंनी त्यांचा दाखवायला सांगितलंय."

"दावा तं आधी," सरुबाई म्हणाल्या. "न बघता काय पुसायचं?"

पहिल्याच तुकड्यात सरुबाई. सात वर्षांनी तरुण, कोठीच्या खोलीत, इकडे तिकडे बघून चार लाडू ओच्यात टाकताना.

पडवी कोसळली. "सरुमावशी! ते लाडू कोनी नेले म्हनून माझ्या जावेला बोल लावले व्हते!" "आगं माझ्या सासूनं मला उपाशी ठेवलं व्हतं त्या दिशी!" सरुबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. "पुसू नका म्याडम! सासू मेली, पन ते लाडू ऱ्हाऊ द्या!"

मग एकीची मेलेली आई दिसली, तव्यावर भाकरी टाकताना, दोन सेकंद. ती बाई म्हणाली, "परत." पुन्हा लावलं. "परत." कोणी हसलं नाही. कोणीच काही पुसायला सांगितलं नाही.

आणि मग कानपिळी. "दाजी, ही आमची नवसाताई!" सहादूचा आवाज पडवीत घुमला आणि सगळ्या जणी नवसाबाईकडे वळल्या. ती भिंतीला टेकून बसली होती, नखानं जमीन उकरत.

एक बाई हळूच म्हणाली, "पन पानी तोडलं तर?"

"आकरा घरांचं तोडंल?" सरुबाई उठल्या. "तोडू दे. मंग आकरा घरच्या बायका त्याच्या दारात हांडे घिऊन बसतील. उठा. आज चवदावा दिस हे. चावडी पाचाला बंद व्हती."

भाऊसाहेब कुलूप लावायच्या तयारीत होते. दारात अकरा बायका बघून त्यांनी मुकाट्यानं किल्ली खिशात घातली आणि कागद काढले.

"हं. पहिल्या साक्षीदार. नाव सांगा."

"सरुबाई."

"पूर्ण. कागदावरचं."

"सासरचं का माहेरचं? माहेरची मी ठकूबाई. सरू तं ह्यांनी ठेवली."

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. "बरं. दुसऱ्या?"

"भागीबाई. पन रेशनकारडावर शोभा."

"तिसऱ्या?"

"माझी तीन हायेत."

"तीन कशी?"

"मी दुसरपनाची. पयल्या नवऱ्यानं एक दिलं व्हतं, ह्यानं एक दिलं."

भाऊसाहेबांनी डोकं धरलं. अकरा साक्षीदार आणि नावं तेवीस. "अहो बायांनो," ते कळवळून म्हणाले, "या एका बाईची दोन नावं एक करायला तुम्ही आलात, आता तुमची कोण एक करणार?"

"ते तुमी बघा," सरुबाई म्हणाल्या. "आमी दरवाज्यात बसतो. घाई नाय."

पाच वाजले, सहा वाजले. अकरा जबाब झाले, अंगठे उमटले, हरकत दाखल झाली. 'मयत' या शब्दापुढे पेन्सिलीनं एक छोटं प्रश्नचिन्ह आलं.

पाणी सहादूनं तोडलं नाही. पण आत्याचं नुकसान मात्र त्यानं सांगितल्याप्रमाणे झालं. अकरा बुकिंगांपैकी सात गळाली. "मॅडम, आमच्या भाच्याचा मित्रच शूटिंग करतो, वाईट वाटून घेऊ नका." चंदरशेठ तर कपाळावर हात मारून बसले. "कुंदन, तूने तो मेरी दुकान को ही काढून टाका कर दिया!" चार मात्र राहिली. त्या चारही घरांतून बायकांचे फोन आले होते, हळू आवाजात, "कुंदनताई, जे काढाल ना, त्याची एक कॉपी मला द्याल? घरात सांगू नका." तेव्हापासून आत्या आधी विचारते आणि मग ठेवते. नव्या काट्यांवर आता मालकिणीचं नाव असतं.

रिकाम्या उन्हाळ्यात तिनं पिक्चर पूर्ण केला. नाव ठेवलं 'गेली म्हणजे गेली'. सुरुवात नवसाबाईच्या अर्ध्या उखाण्यानं. मुंबईला एका महोत्सवात दाखवला तेव्हा खादीचा झब्बा घातलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मध्येच आपण तीन सेकंद पूर्ण काळोख ठेवलात, ती स्त्रीच्या पुसल्या गेलेल्या अस्तित्वाची रूपकात्मक मांडणी आहे का?"

"नाही हो," आत्या म्हणाली, "लाइट गेली होती."

टाळ्या पडल्या. छायाताईंनी सगळ्यात जोरात वाजवल्या. नवसाबाई मात्र तारखांना जात होती. पिक्चरला मान मिळाला म्हणून फाइल काही हलत नाही. दोन वर्षं हेलपाटे. शेवटी २००५ मध्ये मोठ्या साहेबांपुढे सुनावणी झाली. त्यांनी सहादूला कानपिळी दाखवली.

"हा आवाज तुमचा?"

"आवाज माझा हाय सायेब," सहादू म्हणाला. वकिलानं पढवलं होतं ते त्यानं धडाधड म्हणून टाकलं, "पन मी तव्हा सतरा वर्सांचा व्हतो. कायद्यानं अज्ञान व्हतो."

साहेब म्हणाले, "अज्ञान माणसाला बहीण नसते का?"

 सहादू पडद्यावरच्या त्या सफारीवाल्या पोराकडे बघत पुटपुटला, "आसती." त्यानं सही केली. बाहेर आल्यावर बहिणीशी बोलला नाही, पण तिला रिक्षा मिळेपर्यंत उगाच मोटारसायकलची किक मारत उभा राहिला.

नवसाबाईला ओढ्याकडची पट्टी मिळाली. दगड जास्त, माती कमी. सातबाऱ्याचा उतारा हातात आला त्या दिवशी ती थेट आमच्याकडे आली, कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात. "वाचून दावा म्याडम. मला आक्षर येत नाय, पन आयकायचंय."

आत्यानं चष्मा लावला. कॅमेरा टेबलावर होता, तिनं तो उचलला नाही. वाचलं, "सहादू म्हाळू पेखळे. नवसाबाई ऊर्फ सुवर्णा..."

"थांबा." नवसाबाईचा चेहरा उतरला. "हा ऊर्फ कोन?"

"काय?"

"सहादू एक. मी नवसाबाई, मी सुवर्णा. मधी हा ऊर्फ कोन घुसला? आन त्याला किती गुंठे दिलं?"

आत्यानं ओठ घट्ट मिटले. मी तोंडात ओढणी कोंबली. मग आत्यानं तिला शांतपणे समजावलं, की ऊर्फ म्हणजे कोणी माणूस नाही, दोन नावं एकाच बाईची आहेत असं सांगणारा शब्द आहे तो, त्याला जमीन लागत नाही.

नवसाबाईनं कागद उलटा धरून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. कागद उलटा आहे हे कोणी तिला सांगितलं नाही.

"जमीन नाय मागत?"

"नाही."

"खायला नाय मागत?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे त्याला मधी," ती म्हणाली आणि कागद पिशवीत, पिशवी पदरात खोचली. "रानात राखन करील."